चरबी कढवायची कशी? साबणावरचे तुमचे प्रश्न

मागच्या अंकात एका शेळीपालन करणाऱ्या दादांना उत्तर देताना मी सहज एक ओळ लिहून गेले, की कंदुरी (नवसाच्या बोकडाचं जेवण) झाली की चरबी उकिरड्यावर फेकू नका, नीट कढवली तर घरच्यापुरता साबण होतो. झालं! तेव्हापासून फोनवर नुसते प्रश्नच यायलेत. कुणी करून बसलंय अन् वास जाईना म्हणून रडायलंय, कुणाला हिशोब पाहिजे, कुणाला धंदा काढायचाय. त्यामुळं यावेळी बाकी सगळं बाजूला ठेवलंय, केसगळती अन् पपईवाले पुढच्या महिन्यात बघू, राग मानू नका.

प्रश्न: ताई, तुमचं वाचून खाटकाकडून दीड किलो बोकडाची चरबी आणली, कढईत टाकली अन् गॅस मोठा केला. अर्ध्या तासात असा वास सुटला की शेजारच्या काकू विचारायला आल्या, काय जळालं का म्हणून. चरबी निघाली पण तपकिरी, अन् वास काही जाईना. आता टाकून देऊ का? (लातूरहून एक ताई)

टाकू नका. माझी पहिली चरबी तुमच्यापेक्षा वाईट होती, मी गॅसवर ठेवून बहिणीशी फोनवर बोलत बसले होते अन् बहिणीशी बोलणं म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे.

हे बघा, लोणी कढवता ना तुम्ही, तेच काम आहे हे. लोण्यात ताकाचा अंश असतो तो खाली बसून बेरी होते, वर तूप राहतं, आणि गॅस मोठा केला की बेरी करपते अन् सगळ्या तुपाला करपट वास लागतो. चरबीचं अगदी तसंच. नुसत्या स्वच्छ चरबीला फार वास नसतो, वास येतो तो तिला चिकटलेल्या मांसाच्या तुकड्यांचा, रक्ताचा, पातळ पडद्यांचा. ते करपले की संपलं. त्यात बोकडाचा स्वतःचा एक उग्र वास असतो तो वेगळा, तो चरबीतल्या काही छोट्या आम्लांमुळं येतो, शास्त्रात त्यांची नावंच कॅप्रोइक, कॅप्रिलिक, कॅप्रिक अशी आहेत अन् ती लॅटिनमधल्या शेळी-बोकडाच्या शब्दावरून पडलीत, म्हणजे हा वास त्या साहेब लोकांनाही चांगलाच जाणवला असणार. खच्ची न केलेल्या मोठ्या बोकडाच्या चरबीला हा वास जास्त, खच्ची केलेल्याच्या किंवा शेळीच्या चरबीला कमी. खाटकाला आधी विचारून घ्या, तो खरं सांगतो, गिऱ्हाईक परत यावं असं त्यालाही वाटतंच की.

पुढच्या वेळी असं करा. खाटकाकडून गुर्द्याभोवतीची चरबी मागा. ती पांढरी, कडक, हातात चुरा होणारी असते, तिला मांस जवळजवळ नसतंच. पोटावर जाळीसारखी असते तीही चालेल. मांसाला लागून कापलेली चरबी मात्र शेवटचा पर्याय, ती साफ करता करता जीव जातो. घरी आणली की तास-दीड तास फ्रीजरमध्ये ठेवा म्हणजे कापायला सोपी जाते, मग लालसर दिसेल ते सगळं काढून टाका अन् बारीक तुकडे करा, जितके बारीक तितकी चरबी लवकर सुटते आणि करपत नाही. खाटकाची खिम्याची मशीन असेल तर त्यालाच दळून मागा, वीसएक रुपये घेईल नाहीतर चहावर भागेल.

मग मोठं स्टीलचं पातेलं घ्या, १ किलो चरबीला साधारण १ लिटर पाणी अन् दोन मोठे चमचे मीठ. हो, पाणी. बऱ्याच जणींना हेच पटत नाही, पण पाणी आहे तोवर पातेल्यातली उष्णता १०० अंशाच्या फार वर जात नाही, त्यामुळं करपायचा प्रश्नच येत नाही, आणि रक्त, चोथ्याचा रस, वास यातलं बरंच पाण्यात उतरतं. गॅस बारीक, झाकण नाही, अधूनमधून हलवायचं, पाणी आटलं तर गरम पाणी थोडं थोडं घालायचं. दोन ते तीन तास लागतात. तुकडे आकसून बारीक झाले अन् वर पिवळसर तेल तरंगायला लागलं की समजायचं झालं. मग जुन्या धोतराच्या कापडातून गाळा, गार होऊ द्या अन् रात्रभर तसंच ठेवा. सकाळी वर पांढरा जाड थर, खाली घाण पाणी. थर उचलायचा, उलटा करायचा, त्याच्या पोटाला करड्या रंगाचा बुळबुळीत साका असतो तो चाकूनं खरवडून टाकायचा. हा साका ठेवला की चरबी महिन्याभरात खवट होते, त्यामुळं इथं आळस करू नका.

आता हा थर परत नव्या पाण्यात, परत मीठ घालून उकळायचा. यावेळी तासभर पुरे. परत गार, परत खरवडायचं. मी तीनदा करते, बोकड मोठा असेल तर चारदा, अन् शेवटच्या वेळी मीठ घालत नाही, कारण मिठाचा अंश चरबीत राहिला तर साबण ठिसूळ होतो. सगळ्यात शेवटी तो थर एकटाच बारीक गॅसवर वितळवायचा, बुडबुडे अन् तडतड पूर्ण थांबेपर्यंत, म्हणजे आतलं पाणी उडून जातं. १ किलो चांगल्या चरबीतून मला ६५० ते ७०० ग्रॅम मिळते. पांढरीशुभ्र, खोबरेल थिजल्यासारखी दिसते, नाकाजवळ नेली तरच थोडा वास.

तुमची जी तपकिरी झालीय तिलाही हेच करा, मिठाच्या पाण्यात तीन-चार उकळ्या. करपट वास बराच कमी होईल, रंग काही पूर्ण जाणार नाही, मग तिचा कपड्यांचा साबण करा, कपड्याला कुठं रंगाची पडलीय.

दोन गोष्टी विसरू नका. चरबीनं पेट घेतला तर पाणी चुकूनही मारायचं नाही, भडका उडतो, गॅस बंद करून वर झाकण टाकायचं. अन् भांडी धुताना ते मोरीत ओतू नका, पुढं जाऊन ती थिजते अन् पाइप तुंबतो, मग प्लंबरचे पैसे जातात ते वेगळे. आधी राखेनं नाहीतर रद्दी पेपरनं पुसून घ्या.

अजून एक, हे काम दिवाळी ते संक्रांत या दिवसातलं आहे. मे महिन्यात आपल्याकडं ४२-४३ अंश असताना ओट्यावर ठेवलेला थर थिजतच नाही, नुसता लिबलिबीत राहतो, मग फ्रिज रिकामा करावा लागतो अन् घरात भांडणं.

प्रश्न: कुकरमध्ये होत नाही का? वेळ वाचेल. (नांदेड)

नको. चोथ्याचा तुकडा शिट्टीच्या भोकात अडकला तर? वेळ वाचवायचाच असेल तर बाहेर सोलर पेटी ठेवा, आपल्याकडच्या उन्हात पेटीच्या सोलर कुकरमध्ये काळ्या डब्यात चरबी दुपारपर्यंत मस्त सुटते, गॅसही वाचतो अन् घरात वास नाही. फक्त मांजराला अन् कावळ्याला आधी खबर लागते, पेटीवर दगड ठेवा.

प्रश्न: चरबी तयार आहे, ८०० ग्रॅमच्या वर. आता कॉस्टिक सोडा किती घालायचा? आमची आजी मुठीनं घालायची म्हणते. वडील म्हणतात खायचा सोडा पण चालतो. (परभणीचा कॉलेजला जाणारा एक वाचक)

बाळा, आधी हे ऐक. आजीला नमस्कार सांग अन् मूठ विसर. वडिलांनाही सांग, खायचा सोडा चालत नाही, धुण्याचा सोडाही चालत नाही. लागतो तो कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, पांढऱ्या पापड्यांसारखा मिळतो, केमिकलच्या दुकानात शुद्ध माग. नाली साफ करायची पुडी आणू नको, तिच्यात बाकी काहीबाही असतं.

मी पहिल्यांदा अंदाजानं केला होता. साबण दिसायला इतका सुंदर की मी फोटो काढून सगळ्यांना पाठवले. दोन दिवस भांडी घासली अन् बोटांची सालपटं निघाली. कॉस्टिक जास्त झालं होतं. त्यानंतर मी १ ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा घेतला, किराणा दुकानातला घड्याळी काटा कामाचा नाही. काटा नसेल तर साबण करूच नको, कढवलेली चरबी डब्यात पडून राहिली तरी बिघडत नाही.

हिशोब असा असतो. प्रत्येक तेलाला, चरबीला कॉस्टिक वेगळं लागतं. शेळी-बोकडाच्या चरबीला दर ग्रॅमला ०.१३८ ग्रॅम, खोबरेल तेलाला ०.१८३ ग्रॅम, एरंडेलाला ०.१२८ ग्रॅम. आता नुसत्या चरबीचा साबण कडक होतो, झिजत नाही, पण त्याला फेस बारीक अन् कमी येतो, मोठा फेस खोबरेल देतं. म्हणून पहिल्यांदा ३५० ग्रॅम चरबी अन् १५० ग्रॅम खोबरेल घे. चरबीला लागलं ४८.३, खोबरेलाला २७.४५, एकूण ७५.७५ ग्रॅम. यातून ५ टक्के कमी करायचे म्हणजे थोडी चरबी साबणात मोकळी राहते अन् हात कोरडे पडत नाहीत. झाले ७२ ग्रॅम. पाणी त्याच्या दुप्पट, १४४ ग्रॅम, तेही मोजूनच, पेल्यानं नाही.

परदेशी व्हिडिओ बघून करशील तर एक लक्षात ठेव, तिकडं चरबी म्हटलं की बहुतेक वेळा गाय-बैलाची असते, तिचा आकडा ०.१४० च्या आसपास असतो, बोकडाच्या जवळचाच पण तोच नाही. आपल्याकडं २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळं इथं चरबी म्हणजे बहुतेक करून बोकड, शेळी, मेंढी.

आता करायचं कसं, तर अंगणात किंवा गच्चीवर, लेकरं अन् कुत्री-मांजरं लांब. चष्मा, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट. पाण्यात कॉस्टिक घालायचं, थोडं थोडं, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही, उसळून अंगावर येतं. घातल्या घातल्या ते ८०-९० अंशापर्यंत तापतं अन् वाफ निघते ती नाकात घेऊ नको. भांडं स्टीलचं किंवा जाड प्लास्टिकचं. जर्मनचं पातेलं अजिबात नाही! जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम, त्याला कॉस्टिक खातं, काळं पडतं, फसफसतं अन् त्यातून हायड्रोजन वायू निघतो, तो पेट घेणारा असतो. माझ्या आईचं एक पातेलं मी असंच घालवलंय, अजून ऐकून घेते.

मग चरबी अन् खोबरेल एकत्र वितळव, दोन्ही बाजू ४५-५० अंशाला आल्या की कॉस्टिकचं पाणी चरबीत हळूहळू ओत अन् घुसळ. चरबी यापेक्षा गार असली तर ती नुसती थिजायला लागते अन् वाटतं साबण झाला, होत नाही. हँड ब्लेंडर असेल तर पाच-दहा मिनिटं, थांबत थांबत फिरवायचा. हातानं घुसळलं तर कधी तासही लागतो. पातळ पिठल्यासारखं दिसायला लागलं, चमच्यानं वरून सोडलेली धार वर उमटून राहिली की ओतायचं डब्यात, आत बटर पेपर लावून. वर गोणपाट टाक. दुसऱ्या दिवशी वड्या पाड, तेव्हाही हातमोजे घाल, आणि मग चार ते सहा आठवडे हवेशीर सावलीत फळीवर सोडून दे. तोपर्यंत वापरायचा नाही. हे सहा आठवडेच सगळ्यात अवघड जातात.

अंगावर उडालं तर लगेच नळाखाली धर, पंधरा-वीस मिनिटं वाहतं पाणी, अन् व्हिनेगर, लिंबू असलं काही कातडीवर चोळू नको. डोळ्यात गेलं तर धूत धूत सरळ दवाखाना.

प्रश्न: आमच्या सासूबाई माळकरी आहेत, दरवर्षी पंढरीला जातात. मिस्टर अन् लेकरं मटण खातात, ते बाहेरच्या चुलीवर होतं. आता हा साबण मी केला अन् मोरीत ठेवला तर? त्यांना न सांगता करावं का? (बीड जिल्ह्यातून एक ताई)

न सांगता अजिबात नको. त्यांना कळणारच, अन् कळल्यावर साबणाचं राहील बाजूला, तुम्ही फसवलं हे राहील मनात.

मला वाटतं तुमचं बाहेरच्या चुलीचं जे आहे तेच साबणाला लावा. भांडं वेगळं, गाळायचं कापड वेगळं, साबणाच्या वड्या बाहेरच्या न्हाणीत. त्यांच्यासाठी खोबरेल अन् एरंडेलाचा वेगळा घाणा करा, ५०० ग्रॅममध्ये ४५० खोबरेल, ५० एरंडेल, कॉस्टिक हिशोबानं ८४ ग्रॅम अन् पाणी १६८ ग्रॅम. त्याला फेस तर असा येतो की बघत राहाल. त्यांना त्यांची वडी द्या, रंगानं वेगळी करा म्हणजे चूक व्हायला नको.

आणि एक सांगते, विकतच्या साबणात सुद्धा हा प्रश्न नेहमीच होता. आपल्याकडं गोदरेजनी १९१९ च्या सुमारास जनावराच्या चरबीशिवाय साबण काढला तो याच भावनेला धरून, लोकांना चरबी नको होती. १९८३ मध्ये वनस्पती तुपात चरबी सापडली म्हणून देशभर केवढा गदारोळ झाला होता, तुमच्या सासूबाईंच्या वयाच्या बायांना चांगलं आठवत असेल, कितीतरी घरांनी डबे ओतून दिले होते. आजही विकतचा साबण घेताना वेष्टणावर सोडियम टॅलोएट असं काही दिसलं तर ती चरबीच असते. सासूबाईंना हे वाचून दाखवा, त्याच उलट तुम्हाला विचारतील मग आपला नेहमीचा साबण कशाचा म्हणून.

प्रश्न: आम्ही वसमतचे, घरची हळद आहे. साबणात घातली तर पिवळा धमक होईल का? अन् वासासाठी काय घालू? (हिंगोली जिल्हा)

पिवळा नाही होणार, लाल होणार! कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो की नाही, तसंच. घातल्या घातल्या विटकरी लाल, मग वाळता वाळता केशरी-बदामी. छान दिसतो खरं तर. ५०० ग्रॅमच्या घाण्याला अर्धा छोटा चमचा पुरे, जास्त घातली तर टॉवेल रंगतील अन् मला शिव्या द्याल.

वासाला गवती चहाचं तेल चांगलं, बोकडाच्या वासाला तेच भारी पडतं, ५०० ग्रॅमला १०-१२ ग्रॅम. देवघरातलं अत्तर घालू नका, बरीच अत्तरं अशी असतात की ती पडली की मिश्रण एकदम दगडासारखं आवळून बसतं. पण चरबी नीट धुतलेली नसेल तर कुठलंच तेल तो वास झाकत नाही, उलट गवती चहा अधिक बोकड असा तिसराच वास तयार होतो, तो मी अनुभवलाय.

प्रश्न: साबण झाला, सहा आठवडे ठेवला, पण आंघोळीला फेसच येत नाही. अंगावर पांढरं चिकट राहतं, बादलीला पांढरी रेघ बसते. आमचं बोअरचं पाणी. (जालना)

साबणाला बोल लावू नका, पाण्याला लावा. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर, आणि बोअर खोल गेलं की बऱ्याचदा क्षार वाढलेले दिसतात. हे क्षार साबणाला पकडून त्याचा न विरघळणारा चिकट साका करतात, तीच तुमची पांढरी रेघ. सगळे क्षार साबणानं गिळले की मगच उरलेला साबण फेस देतो. विकतच्या साबणात हे होऊ नये म्हणून वेगळी द्रव्यं घालतात, आपल्या घरच्यात नसतात. म्हणून आजीच्या वेळी आडाच्या पाण्यावर फेस यायचा अन् आता बोअरवर नाही. दुष्काळात २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं ना, तेव्हा आमच्या एका नातेवाईक बाईंनी मला सांगितलं होतं, त्या पाण्यात कपडे किती स्वच्छ निघतात गं. लोकांना प्यायला नव्हतं अन् हिला कपडे दिसले, पण निरीक्षण खरं असेल.

तुम्ही काय करा, पुढच्या घाण्यात खोबरेल ३० टक्क्यांवरून ४० पर्यंत न्या अन् ५ टक्के एरंडेल घाला, फेस वाढतो. हिशोब नव्यानं करायला विसरू नका. अन् कॉस्टिक विरघळवायला बोअरचं पाणी मुळीच नको, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी आणा नाहीतर पावसाचं गाळून ठेवा. डोक्यावरून अंघोळीला मात्र हा साबण नको, केसांत ती चिकट रेघच बसेल, त्यापेक्षा रिठा-शिकेकाई बरी.

प्रश्न: खोबरेल महाग झालंय. आमच्याकडं घरची करडई आहे, घाणीचं तेल. ते घातलं तर? (परभणी)

परभणीवाले करडई सोडणार नाहीत, मला माहीत होतं! थोडं घाला, एकूण तेलाच्या १० टक्क्यांच्या आत. साध्या करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल खूप, त्यामुळं साबण मऊ पडतो, फेसाला काही मदत नाही, अन् लवकर खवटतो, वडीवर नारंगी ठिपके पडतात अन् जुन्या तेलाचा वास येतो. जवसाचं तर त्याहून लवकर. करडई भाजीला ठेवा, तिथं तिला किंमत आहे.

प्रश्न: कॉस्टिकची भीती वाटते. पूर्वी राखेपासून करायचे म्हणतात, आमच्याकडं चुलीची राख भरपूर. (उदगीर)

करायचे, खरंय. राखेतून पाणी झिरपवलं की जे उतरतं त्यात पोटॅशियमचे क्षार असतात, त्यापासून मऊ, चिकट, मधासारखा साबण होतो, वडी होत नाही. अन् तुमच्या भीतीचं म्हणाल तर, घट्ट उतरवलेलं राखेचं पाणीही कातडी जाळतं, फक्त त्याची ताकद किती हे तुम्हाला कळत नाही, दरवेळी वेगळी. मग हिशोब कशाच्या जोरावर करायचा? बाभळीच्या राखेचं वेगळं, तुराट्यांच्या राखेचं वेगळं. कॉस्टिकचं निदान वजन तरी करता येतं. राखेनं भांडी घासा, ती त्यासाठी उत्तम आहे.

प्रश्न: मी उस्मानाबादी शेळ्या पाळतो, गावात मटणाचं दुकानही आहे. चरबीचा साबण करून विकायचा विचार आहे. "शेळीच्या दुधाचा साबण" म्हणून खपेल का? (धाराशिव जिल्ह्यातला एक तरुण)

दादा, धंद्याची कल्पना चांगली, नाव खोटं. दूध घातलं असेल तर दुधाचा म्हण, चरबी असेल तर चरबीचा म्हण. तुझ्या गिऱ्हाइकात माळकरी असतील, जैन असतील, महानुभाव असतील, लिंगायत असतील. अशा माणसाला चरबी दुधाच्या नावानं विकली अन् ते बाहेर आलं तर साबणच नाही, तुझं मटणाचं दुकानही बंद पडेल.

अंगाला लावायचा साबण विकायचा म्हणजे तो कायद्यानं सौंदर्यप्रसाधनात येतो, त्याला अन्न व औषध प्रशासनाचं लायसन लागतं. जिल्ह्याच्या ऑफिसात जाऊन आधी विचारून ये, फॉर्म बघून ये. घरच्या घरी, नात्यात वाटायला काही नाही. माझं ऐकशील तर एक वर्ष फक्त घरचा अन् पाहुण्यांचा कर, दर घाण्याची वहीत नोंद ठेव, चरबी कुठल्या जनावराची, किती वजन, कॉस्टिक किती, तारीख. चरबी तुझ्या घरचीच असल्यामुळं तू खच्ची बोकडाची अन् गुर्द्याचीच निवडू शकतोस, हे दुसऱ्या कुणाला जमत नाही, तुझा खरा फायदा तिथं आहे. अन् कपड्यांचा, भांड्यांचा साबण आधी जमव, अंगाचा नंतर.

प्रश्न: गाळल्यावर जो चोथा राहतो तो कुत्र्याला चालतो का? आमचा टॉम्या पातेल्यापासून हलत नाही. (अंबाजोगाई)

मीठ घातलेल्या पाण्यातला असेल तर देऊ नका. तुपकट चोथा जास्त खाल्ला की कुत्र्याला उलट्या-जुलाब होतात, स्वादुपिंडाला सूज येऊन मोठं दुखणंही होऊ शकतं. बिनमिठाचा असेल तर कापडात दाबून चरबी निथळवा अन् भाकरीत मिसळून चमचाभर द्या, तेवढ्यावर त्याला हाकला. कोंबड्यांना थोडा टाकलात तर त्या भांडून संपवतात. उरलेला खड्ड्यात खोल पुरा, वरवर पुरलात तर टॉम्या रात्रीतून उकरून काढील अन् सकाळी अंथरुणाजवळ आणून ठेवील.